दोन तारखा आणि एक किंमत

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजी साहित्यात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय, "राजकीय उलथापालथीतून साहित्य घडतं, की साहित्यामुळे उलथापालथ होते? आमच्या नोट्समध्ये दोन्ही बाजूंनी चार-चार मुद्दे आहेत आणि शेवटी 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य. मला याच विषयावर छोटा प्रबंध लिहायचा आहे. सुरुवात कुठून करू, आणि कोणती कलाकृती घेऊ?"

आधी तो आरसा भिंतीवरून उतरवा. आरशासमोर उभं राहिलं की चेहरा त्याच क्षणी दिसतो, आणि त्यात बघायला कुणी पैसे मागत नाही. इंग्रजी साहित्यात असं क्वचितच झालंय. कविता एका साली लिहिली गेली आणि तेरा वर्षांनी छापली गेली, कधी पंचेचाळीस वर्षांनी. छापल्यावरही ती कुणाच्या हातात पडणार हे तिच्या किमतीने ठरवलं. म्हणून कुठल्याही 'राजकीय' कलाकृतीबद्दल मी विद्यार्थ्यांना आधी तीन गोष्टी वहीत लिहायला लावायचो: लिहिल्याची तारीख, छापल्याची तारीख आणि किंमत. आशयाकडे नंतर वळायचं.

ही सवय मला फजितीतून लागली. इंग्रज कवी शेलीची 'द मास्क ऑफ अ‍ॅनार्की' ही कविता मी कितीतरी वर्षं आवाज चढवून, टेबलावर हात आपटून शिकवत असे. सिंहांसारखे उठा, तुम्ही पुष्कळ आहात, ते थोडे! वर्ग भारावलेला, मी त्याहून भारावलेला. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, ही कविता वाचून मँचेस्टरच्या लोकांनी काय केलं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घरी जाऊन पुस्तकं काढली. मँचेस्टरच्या लोकांनी त्या साली ती कविता वाचलेलीच नव्हती.

झालं होतं ते असं. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर सुमारे साठ हजार माणसं जमली होती. एवढं मोठं गिरणगाव, पण पार्लमेंटात त्याचा एकही प्रतिनिधी नाही. मागणी सुधारणेची होती. निःशस्त्र जमावावर घोडेस्वार तलवारी उपसून घुसले. किमान पंधरा जण मेले, शेकडो जखमी झाले. चार वर्षांपूर्वीच वॉटर्लू जिंकलेलं होतं, म्हणून लोकांनी या शौर्याला 'पीटर्लू' असं खवचट नाव दिलं. शेली तेव्हा इटलीत, लिव्होर्नोजवळ राहत होता. बातमी पोचायला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्याने झपाट्याने ९१ कडवी लिहिली आणि सप्टेंबर संपायच्या आत लंडनला ली हंटकडे, त्याच्या 'एक्झामिनर' साप्ताहिकासाठी, पाठवून दिली.

हंटने ती छापली नाही. त्याला भित्रा म्हणण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: राजपुत्राची बदनामी केली म्हणून तो १८१३ ते १८१५ अशी दोन वर्षं तुरुंगात काढून आलेला होता. पीटर्लूनंतरच्या वातावरणात ती कविता छापणं म्हणजे पुन्हा तीच वाट. शेली १८२२ मध्ये समुद्रात बुडून गेला. कविता पुस्तकरूपाने आली १८३२ मध्ये, म्हणजे मताधिकार वाढवणारा सुधारणा कायदा ज्या साली मंजूर झाला त्याच साली. लढाईच्या आधी फुंकायचा शंख लढाईचा एक टप्पा पार पडल्यावर वाजला.

मग १८१९ मध्ये लोक वाचत काय होते? विल्यम होन नावाच्या पुस्तकविक्रेत्याची एक शिलिंगाची, म्हणजे बारा पेन्सांची, पुस्तिका. 'जॅकने बांधलेलं घर' हे इंग्रज पोरांचं साखळीचं बडबडगीत आहे, दर कडव्याला एक ओळ वाढत जाणारं. होनने त्याच चालीवर राजा, वकील, पाद्री आणि फौज यांना ओवलं, जॉर्ज क्रुकशँककडून लाकडी ठशांची व्यंगचित्रं करून घेतली आणि डिसेंबरात बाजारात आणलं. काही महिन्यांत पन्नासच्या वर आवृत्त्या निघाल्या. दोन वर्षांपूर्वी याच होनवर धर्मप्रार्थनांची विडंबनं छापल्याबद्दल लागोपाठ तीन दिवस तीन खटले चालले होते आणि तिन्हींत ज्यूरीने त्याला सोडलं होतं. भर कोर्टात विडंबनं वाचून दाखवल्यावर हशा पिकायचा. बडबडगीताला राजद्रोह म्हणून शिक्षा करायला उठलं, तर सरकारच पोरकट दिसतं.

आपल्या अभ्यासक्रमात शेली आहे, होन नाही. तक्रार नाही, कवी म्हणून शेली कितीतरी मोठा. पण 'साहित्याने राजकारणावर काय परिणाम केला' असा प्रश्न असेल, तर १८१९ या सालापुरतं उत्तर होनच्या खात्यावर जातं.

सरकारला हे आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. डिसेंबर १८१९ मध्ये जे सहा कायदे झाले, त्यांतला एक निव्वळ किमतीबद्दल होता. वर्तमानपत्रावर चार पेन्सचा मुद्रांककर आधीपासून होताच. विल्यम कॉबेटसारख्या जहाल पत्रकारांनी बातम्या वगळून नुसती मतं छापायची आणि दोन पेन्सांत विकायची अशी पळवाट काढली होती. नव्या कायद्याने सहा पेन्सांपेक्षा स्वस्त असलेल्या अशा मतं छापणाऱ्या नियतकालिकांनाही तोच कर लावला. मत मांडायला बंदी नाही, महाग मांडा! हा कर १८३६ मध्ये एका पेनीवर आला आणि १८५५ मध्ये गेला. व्हिक्टोरियन काळातल्या वाचकवर्गाबद्दल लिहाल तेव्हा या दोन सालांना कादंबऱ्यांच्या यादीइतकंच महत्त्व द्या.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. ही नोट्समध्ये सापडत नाही.

रॉबर्ट साउदी या कवीने १७९४ मध्ये, जेमतेम विशीत, 'वॉट टायलर' नावाचं नाटक लिहिलं होतं. वॉट टायलर म्हणजे १३८१ च्या शेतकरी बंडाचा पुढारी. फ्रेंच राज्यक्रांतीची नशा ताजी होती, नाटक जहाल झालं. हस्तलिखित एका प्रकाशकाकडे पडून राहिलं. वीसेक वर्षं गेली, साउदी पालटला, १८१३ मध्ये राजकवी झाला आणि 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या नियतकालिकात सुधारणावाद्यांवर आग पाखडू लागला. आणि फेब्रुवारी १८१७ मध्ये कुणीतरी ते जुनं नाटक त्याला न विचारता छापलं. पार्लमेंटात विल्यम स्मिथ नावाच्या सदस्याने 'क्वार्टर्ली' आणि 'वॉट टायलर' या दोन्हींतले उतारे वाचून दाखवले. एकच लेखक!

साउदी मनाईहुकूम मागायला चॅन्सरी कोर्टात गेला. समोर त्या कोर्टाचा प्रमुख न्यायाधीश, लॉर्ड चॅन्सलर एल्डन, कट्टर सनातनी माणूस. त्याने मनाई नाकारली. त्याचं म्हणणं असं, की जी कृती लोकांना अपाय करणारी आहे तिच्यात कुणाची मालमत्ता असू शकत नाही, आणि मालमत्ता नसेल तर कोर्ट संरक्षण कशाला देईल? ऐकायला कडक वाटतं. परिणाम बघा. ज्या पुस्तकाला राज्य घातक मानतं त्याला स्वामित्वहक्क नाही. म्हणजे ते कुणीही छापावं. म्हणजे दहा छापखाने छापणार. म्हणजे किंमत कोसळणार. 'वॉट टायलर' तीन पेन्सांपर्यंत उतरलं आणि साउदीच्या इतर कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त खपलं. सज्जन पुस्तकं हक्कात सुरक्षित आणि महाग, घातक पुस्तकं बेवारस आणि स्वस्त. जहाल साहित्य गरिबाच्या घरात पोचवण्याची इतकी पक्की व्यवस्था कुठल्याही क्रांतिकारकाला जमली नसती. एका सनातनी न्यायाधीशाने ती करून ठेवली.

याचा सर्वांत मोठा फायदा शेलीलाच झाला, तोही त्याच्या मनाविरुद्ध. 'क्वीन मॅब' हे त्याचं विशीतलं काव्य. १८१३ मध्ये त्याने अडीचशे प्रती खासगीत छापल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा वाटल्याही नाहीत. धर्म, राजा, व्यापार, लग्न, सगळ्यांवर वार. १८२१ मध्ये विल्यम क्लार्क या विक्रेत्याने ते चोरून छापलं. शेलीने इटलीहून पत्र लिहून हात झटकले, पण एल्डनच्या तर्काप्रमाणे कोर्टाकडून मनाई मिळण्याची आशा नव्हतीच. मग रिचर्ड कार्लाइलसारख्यांनी एकामागून एक आवृत्त्या काढल्या. हा कार्लाइल पीटर्लूला प्रत्यक्ष हजर होता आणि नंतर टॉमस पेन या जहाल लेखकाची पुस्तकं छापल्याबद्दल १८२५ पर्यंत डॉर्चेस्टरच्या तुरुंगात होता. बायको, बहीण आणि दुकानातली माणसंही पाठोपाठ आत गेली, दुकान मात्र चालूच राहिलं. ('थॉमस कार्लाइल' वेगळा, परीक्षेत घोटाळा करू नका.) पुढे मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतल्या कामगारांमध्ये 'क्वीन मॅब' इतकं वाचलं जायचं, की एका जुन्या चार्टिस्टाने बर्नार्ड शॉला ते 'चार्टिस्टांचं बायबल' असल्याचं सांगितलं होतं.

म्हणजे शेलीची जी कविता मी चळवळीची म्हणून शिकवत होतो ती पेटीत पडून होती, आणि जिच्याबद्दल मी "कच्ची, तरुणपणची" म्हणून दोन वाक्यांत उरकत होतो ती गिरणी कामगारांच्या खिशात होती.

जाता जाता: ज्या मार्च १८१७ मध्ये एल्डनने साउदीला परत पाठवलं, त्याच महिन्यात त्याने शेलीला त्याच्या पहिल्या बायकोपासूनच्या दोन मुलांचा ताबा नाकारला, आणि विरुद्ध बाजूने पुराव्यात 'क्वीन मॅब' ठेवलेलं होतं. 'मास्क ऑफ अ‍ॅनार्की'च्या मिरवणुकीत कपट हे पात्र एल्डनसारखा झगा घालून येतं आणि त्याच्या पायाशी खेळणाऱ्या मुलांचे प्राण जातात. हे कडवं आता पुन्हा वाचा.

किमतीचा हा खेळ १७९० च्या दशकातच सुरू झाला होता. एडमंड बर्कने नोव्हेंबर १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्ध ग्रंथ लिहिला, पेनने पुढच्याच वर्षी 'राइट्स ऑफ मॅन'ने उत्तर दिलं. पहिला भाग तीन शिलिंगांचा. सरकारने कानाडोळा केला. १७९२ मध्ये दुसरा भाग आला आणि सहा पेन्सांच्या स्वस्त प्रती निघाल्या, म्हणजे किंमत एक षष्ठांश. लगेच राजद्रोही बदनामीचा खटला. डिसेंबरमध्ये खटला चालला तेव्हा पेन फ्रान्सला निघून गेलेला होता. अ‍ॅटर्नी जनरलने कोर्टात सरळ सांगितलं, की पहिला भाग जाणत्या वाचकांपुरता राहील असं वाटलं म्हणून सोडून दिला, पण हा दुसरा कुणाच्याही हातात कोंबला जातोय, पोरांची मिठाईसुद्धा याच्या कागदात बांधून मिळते. उलट, १७९३ मध्ये विल्यम गॉडविनने याहून मुळावर घाव घालणारा ग्रंथ लिहिला. सरकारच नको, असा त्याचा सूर. त्याला कुणी हात लावला नाही. किंमत एक पौंड सोळा शिलिंग, म्हणजे छत्तीस शिलिंग. ज्यांच्याकडे तीन शिलिंग नाहीत त्यांचं एवढं महाग पुस्तक काय बिघडवणार, असं पंतप्रधान पिट म्हणाल्याची आठवण सांगतात. खरी असो वा रचलेली, सरकार नेमकं तसंच वागलं.

गॉडविनला मात्र झळ लागलीच. त्याची 'केलेब विल्यम्स' ही कादंबरी मे १७९४ मध्ये आली, त्याच महिन्यात सुधारणावादी पुढाऱ्यांची धरपकड झाली. विक्रेते घाबरले, म्हणून त्याने प्रस्तावना काढून टाकली आणि पुढच्या वर्षी परत घातली. नोकराला मालकाचं गुपित कळतं आणि मालक त्याला देशभर हुसकत राहतो, अशी गोष्ट आहे. पाळत म्हणजे काय, हे त्या दशकात कायद्याच्या पुस्तकापेक्षा या कादंबरीत जास्त कळतं. उलथापालथीने साहित्याचा आकार कसा बदलतो याचं हे एक उदाहरण: प्रबंधात सांगून झालेला विचार बंदीच्या दिवसांत पाठलागाची गोष्ट होऊन येतो.

पाळत कवींवरही होती, आणि ती प्रकरणं कधी कधी विनोदी झाली. १७९७ मध्ये गृहखात्याचा एक हेर सॉमरसेटमध्ये वर्ड्स्वर्थ आणि कोलरिज यांच्या मागावर आला. कोलरिजने पुढे रंगवून सांगितलं आहे, की आम्ही स्पिनोझा या तत्त्वज्ञाबद्दल बोलत होतो, त्याला ऐकू आलं 'स्पाय नोझी', आणि नाक मोठं असल्याने त्याला वाटलं आपणच पकडलो गेलो. कोलरिजच्या गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे, पण हेर खरोखर आला होता.

वर्ड्स्वर्थची तारीखवही बघा. १७९१-९२ मध्ये तो फ्रान्समध्ये होता, क्रांतीवर भाळलेला. त्या भाळण्याची आणि मोहभंगाची सर्वांत मोठी नोंद म्हणजे 'द प्रिल्यूड'. पूर्ण झाली १८०५ मध्ये. 'त्या पहाटे जिवंत असणं हेच सुख' या आशयाच्या ओळी १८०९ मध्ये सुट्या छापल्या गेल्या, पण अख्खी कविता आली १८५० मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर, आणि तीही आयुष्यभर दुरुस्त करून सौम्य केलेली. १८०५ चा मूळ पाठ १९२६ पर्यंत छापला गेला नव्हता. मधल्या काळात साहेब सरकारी मुद्रांक वाटपाचे अधिकारी झाले, शेवटी राजकवी झाले. तेव्हा 'प्रिल्यूडने रोमँटिक काळातल्या वाचकांना क्रांतीबद्दल काय सांगितलं' असा प्रश्न पेपरात आला, तर प्रश्नच चुकीचा आहे. (तसं लिहू नका. मार्क हवेत.)

आता शंभर-दीडशे वर्षं मागे. इंग्लंडची खरी उलथापालथ १६४० नंतरची आहे: राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद, अकरा वर्षं राजाविना देश. १६४१ मध्ये स्टार चेंबर हे दडपशाहीचं न्यायालय बंद झालं आणि त्याबरोबर छपाईवरचा पहाराही कोलमडला. जॉर्ज थॉमसन हा लंडनचा पुस्तकविक्रेता त्या काळात जे छापून येईल ते गोळा करत गेला, बऱ्याच प्रतींवर हाताने तारीख टाकत गेला. वीस वर्षांत बावीस हजारांच्या वर पत्रकं आणि पुस्तिका जमल्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. माझ्या 'तारीख लिहा' या हट्टाचा मूळपुरुष तोच.

उलथापालथीच्या ऐन तापात हे असंच बनतं: पत्रकं, प्रवचनं, शिवीगाळ, वार्तापत्रं. नाट्यगृहं तर १६४२ पासून १६६० पर्यंत बंदच. कवी मिल्टननेही या वीस वर्षांत मुख्यतः गद्यच लिहिलं. त्याची 'अ‍ॅरिओपॅजिटिका' नोव्हेंबर १६४४ मध्ये आली, परवान्याविना छापलेली, पार्लमेंटने पुन्हा आणलेल्या छपाई परवान्याच्याच विरोधात. आज ती मुद्रणस्वातंत्र्याची संहिता म्हणून शिकवली जाते. पार्लमेंटवर तेव्हा काय परिणाम झाला? काही नाही, परवाना तसाच राहिला. शिवाय कॅथलिकांना त्या स्वातंत्र्यात जागा नव्हती, आणि १६५१ मध्ये प्रजासत्ताकाच्या नोकरीत असताना स्वतः मिल्टनच एका वार्तापत्राचा तपासनीस होता. परवाना पद्धत कायमची संपली १६९५ मध्ये, कायद्याची मुदत वाढवली गेली नाही म्हणून.

त्या काळात पुस्तकाने राजकारण हलवल्याचं उदाहरण हवंच असेल तर ते उलट्या बाजूचं आहे. राजाचं डोकं उडालं ३० जानेवारी १६४९ रोजी, आणि त्याच सुमारास त्याच्या नावावरचं 'आयकॉन बेसिलिके' हे प्रार्थना-मननांचं पुस्तक बाहेर पडलं. एका वर्षात इंग्रजीत पस्तीसच्या आसपास आवृत्त्या. मिल्टनला सरकारने उत्तर लिहायला लावलं, त्याने मुद्देसूद लिहिलं, पण त्या पुस्तकाचा खप त्याला रोखता आला नाही. अश्रूंपुढे मुद्दे हरले. मिल्टनचा विजय झाला तो सगळं हरल्यावर. १६६० मध्ये राजेशाही परतली, मिल्टनची पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला, तो लपला, काही काळ कैदेत होता, डोळे तर आठ वर्षांपूर्वीच गेलेले. आणि १६६७ मध्ये त्याचं महाकाव्य 'पॅरडाइज लॉस्ट'. प्रकाशकाकडून हाती पाच पौंड, तेराशे प्रती खपल्यावर आणखी पाच. तपासनीसाने ग्रहणाच्या एका उपमेवर बोट ठेवलं म्हणतात, जिथे झाकोळलेला सूर्य राजांना बदलाच्या भीतीने अस्वस्थ करतो.

मला त्याहून मोलाची वाटते ती १६६८ मध्ये जोडलेली छोटी टीप. दरबारात तेव्हा यमकबद्ध द्विपदीची फॅशन होती. मिल्टन सांगतो, की यमक ही अर्वाचीन गुलामी आहे आणि मी महाकाव्याला त्याचं प्राचीन स्वातंत्र्य परत मिळवून देतोय. स्वातंत्र्य, गुलामी! राजकारणात जे शब्द आता उच्चारता येत नव्हते ते त्याने छंदशास्त्रात नेऊन ठेवले. विद्यार्थी सैतानाच्या भाषणांत राजकारण शोधत बसतात, आणि ते आपल्यासमोर दर ओळीच्या शेवटी, यमक नसलेल्या जागी, उभं असतं.

कधी कधी मात्र जुनी कलाकृती कुणीतरी मुद्दाम उचलून आजच्या राजकारणात फेकतो. फेब्रुवारी १६०१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्स या सरदाराच्या माणसांनी शेक्सपिअरच्या कंपनीला नेहमीपेक्षा चाळीस शिलिंग जास्त देऊन दुसरा रिचर्ड या राजाच्या पदच्युतीचं, तेव्हा जुनं झालेलं नाटक ग्लोब नाट्यगृहात करायला लावलं. दुसऱ्या दिवशी बंड. लंडनकर घरातून बाहेरही आले नाहीत. नाटकाचा परिणाम शून्य, पण सत्तेला त्याची भीती होती हे नक्की: राणी एलिझाबेथ जिवंत असताना छापलेल्या प्रतींत पदत्यागाचा प्रवेश नाही, तो १६०८ मध्ये येतो.

आयर्लंडबद्दल थोडक्यात, कारण तिथे प्रश्न स्वतः कवीनेच विचारला आहे. यीट्स या कवीने लेडी ग्रेगरीबरोबर लिहिलेलं 'कॅथलीन नी हुलिहान' हे नाटक १९०२ मध्ये डब्लिनमध्ये झालं. म्हातारीच्या रूपात देश येतो आणि लग्नाच्या तोंडावरच्या तरुणाला घेऊन जातो. इंग्रजी सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या ईस्टर उठावात गोळ्या घातल्या गेलेल्या पुढाऱ्यांत पिअर्स, मॅकडोना, प्लंकेट हे तिघे कवी होते. म्हातारपणी यीट्स स्वतःला विचारतो, की माझ्या त्या नाटकानेच तर काही जणांना इंग्रजांच्या गोळ्यांसमोर पाठवलं नसेल ना? आणि त्याची 'ईस्टर, १९१६' ही कविता? लिहिली सप्टेंबर १९१६ मध्ये, मित्रांपुरत्या पंचवीस प्रती काढल्या, नियतकालिकात छापली ऑक्टोबर १९२० मध्ये. मधल्या चार वर्षांत देश कुठल्या कुठे गेला होता. संयम, हिशेब की भीती, यावर भांडण करता येतं. मी हिशेबाच्या बाजूने आहे.

तुम्ही मराठी आहात म्हणून आपल्याकडचे दोन धागे सांगतो. सहा पेन्सांत वाटला गेलेला पेन अर्ध्या शतकाने पुण्यात पोचला. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४७ च्या सुमारास त्यांनी 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं. दुसऱ्याच वर्षी मुलींची शाळा. पुस्तकामुळेच शाळा निघाली असं मी म्हणणार नाही, शाळेची गरज त्यांना पुस्तकाआधी आजूबाजूला दिसत होती. पण लंडनच्या सरकारने ज्या हातांत ते पुस्तक पडू नये म्हणून खटला भरला, त्याहूनही दूरच्या हातांत ते पडलं. दुसरा धागा आगरकरांचा. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तिथे आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं. 'विकारविलसित' या नावाने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झालं. डेन्मार्कचा तुरुंग झालाय म्हणणाऱ्या राजपुत्राची भाषा एक मराठी संपादक तुरुंगात बसून घडवत होता, आणि खटला कसला, तर एका राजाच्या वेडाबद्दल आणि त्याच्या छळाबद्दल छापल्याचा.

तर तुमचा प्रबंध. 'इंग्रजी साहित्य आणि क्रांती' असं शीर्षक घेतलंत तर दोनशे पानंही पुरणार नाहीत आणि व्हायवात फजिती होईल. एकच कृती घ्या. माझी पहिली पसंती मार्व्हेल या कवीच्या 'होरेशियन ओड'ला. ती राजाविरुद्धच्या बाजूचा सेनापती क्रॉमवेल याच्यावर आहे. लिहिली १६५० मध्ये, छापली १६८१ मध्ये कवीच्या मृत्यूनंतर, आणि तेव्हाही जवळजवळ सगळ्या प्रतींतून ती पानं काढून टाकली गेली. कविता जेमतेम १२० ओळींची आहे, क्रॉमवेलची स्तुती करता करता शिरच्छेदाच्या चौथऱ्यावरच्या राजालाच सर्वांत सुंदर ओळी देते, आणि ती कुणाच्या बाजूची यावर अजून एकमत नाही. एम.ए.ला एवढं पुरे. इंग्रजी-मराठी दोन्ही चांगलं असेल तर 'विकारविलसित' घ्या. त्यावर काम कमी झालंय आणि तुम्हाला जे दिसेल ते इंग्लंडमधल्या प्राध्यापकाला दिसणार नाही. एल्डनचा निकाल मात्र घेऊ नका, कायद्याची कागदपत्रं मिळवण्यात सेमिस्टर जाईल.

आणि ग्रंथालयातून जुनी आवृत्ती झेरॉक्सला द्याल तेव्हा मुखपृष्ठामागचं पान हटकून मागून घ्या. त्यावर साल असतं, कधी किंमत असते, आणि दुकानदार नेमकं तेच पान कोरं समजून सोडतो.